अ‍ॅडमिरल जॉन गॉडफ्री: लंडनची ३९ नंबरची खोली ते मुंबईचं नाविक बंड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फेब्रुवारी १९४६ च्या नाविक बंडाचा विषय निघाला की एक नाव हमखास येतं: रेडिओवरून आरमार नष्ट करण्याची धमकी देणारा अ‍ॅडमिरल गॉडफ्री. त्यापुढे या माणसाबद्दल फारसं कुणी सांगत नाही. दुसरीकडे हेरकथा वाचणाऱ्यांना गॉडफ्री हे नाव जेम्स बाँडच्या साहेबाशी जोडलेलं ठाऊक असतं, पण त्याचा मुंबईशी काय संबंध हे त्यांच्या कानावर आलेलं नसतं. माणूस एकच. ही दोन अर्धी जोडून पाहिली तर १९४६ च्या त्या पाच-सहा दिवसांत काय बिनसलं ते जास्त चांगलं कळतं, असं मला मनापासून वाटतं. पुढचे प्रश्न त्यासाठीच एकत्र केले आहेत.

गॉडफ्री नेमके कोण होते?

ब्रिटिश आरमारातले अधिकारी. जन्म १० जुलै १८८८, बर्मिंगहॅमजवळच्या हँड्सवर्थचा. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता विभागाचे संचालक होते आणि १९४२ अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. १९४३ ते १९४६ या काळात रॉयल इंडियन नेव्हीचे, म्हणजे त्या वेळच्या हिंदी आरमाराचे ते सर्वोच्च अधिकारी होते.

आरमारात ते कसे आले? घराणं दर्यावर्दी होतं का?

घराण्याच्या जोरावर वर चढलेल्यांपैकी ते नव्हते. ब्रॅडफील्ड कॉलेजात शिकले आणि १९०३ साली, पंधराव्या वर्षी, 'ब्रिटानिया' या प्रशिक्षण नौकेवर दाखल झाले. त्यांचं खास अंग नौकानयनाचं, म्हणजे नकाशा, होकायंत्र आणि भरती-ओहोटीच्या हिशेबाचं. पहिल्या महायुद्धात 'युरायलस' या क्रूझरवर ते मार्गदर्शक अधिकारी होते. २५ एप्रिल १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवलं गेलं, त्यात ही नौका होती. काटेरी तारा आणि मशीनगनच्या तोंडी माणसं कशी जातात हे त्यांनी डेकवरून पाहिलं. शत्रूच्या किनाऱ्याची नीट माहिती नसली की काय किंमत मोजावी लागते, हा त्यांचा पुढच्या आयुष्यातला ध्यास होता. त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

मधल्या वर्षांत त्यांनी चीनच्या समुद्रात 'सफोक' आणि नंतर भूमध्य समुद्रात 'रिपल्स' या नौकांचं नेतृत्व केलं. 'रिपल्स' ही मोठी बॅटलक्रूझर. तिच्यावरून उतरले ते थेट १९३९ च्या सुरुवातीला लंडनला, गुप्तवार्ता विभागात.

हेरगिरीचा अनुभव नसताना त्यांना हे पद कसं मिळालं?

ब्रिटिश आरमारात हे पद समुद्रावरच्या माणसाला देण्याची रीत होती. गॉडफ्रींनी आल्या आल्या केलेली शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्यांनी पहिल्या महायुद्धातले संचालक रेजिनाल्ड हॉल यांना गाठलं. हॉल तेव्हा म्हातारे झाले होते, पण त्यांच्या ओळखी दांडग्या. मदतीला आरमाराबाहेरची माणसं घे, असं त्यांचं सांगणं. त्याप्रमाणे गॉडफ्रींनी वकील, प्राध्यापक, शेअर बाजारवाले, पत्रकार असे लोक जमवले. बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरांच्या शिफारशीवरून इयान फ्लेमिंग नावाचा एक तरुण शेअर दलाल त्यांचा खासगी सहायक झाला.

अ‍ॅडमिरल्टीच्या, म्हणजे ब्रिटिश आरमाराच्या लंडनमधल्या मुख्यालयाच्या, इमारतीतली ३९ नंबरची खोली ही या माणसांची बैठक. खिडकीतून हॉर्स गार्ड्सचं संचलनाचं मैदान आणि पंतप्रधानांच्या घराची बाग दिसायची. शेजारच्या खोलीत गॉडफ्री. बुद्धी तल्लख, रागही तितकाच, आणि सौम्य बोलणं जमत नसे. त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांनी त्यांच्या धाकाबद्दल लिहिलंय, तसं त्यांच्याबद्दल आदरानेही लिहिलंय.

जेम्स बाँडचा 'एम' म्हणजे गॉडफ्रीच का?

फ्लेमिंगने 'एम' रंगवताना गॉडफ्री नजरेसमोर ठेवले, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. गुप्तवार्ता खात्याचा चिडका, कर्तव्यकठोर, आरमारी प्रमुख. साम्य उघड आहे. इतर काही माणसांच्या छटाही त्यात मिसळल्या असतील. पण खऱ्या गॉडफ्रींचं काम कादंबरीतल्यापेक्षा कितीतरी मोठं आणि कंटाळवाण्या कष्टांचं होतं, आणि मला त्याचंच अप्रूप जास्त आहे.

ते कंटाळवाणं काम म्हणजे काय?

एक उदाहरण सांगते. एप्रिल १९४० मध्ये ब्रिटिश फौजा नॉर्वेत उतरल्या, तेव्हा कुठल्या बंदराला धक्का किती लांब, कुठला रस्ता बर्फात बंद पडतो, याची धड माहिती कुणाकडे नव्हती. गॉडफ्रींनी ऑक्सफर्डमध्ये भूगोलतज्ज्ञांचा विभाग उभा केला. त्याचे प्रमुख केनेथ मेसन. हे मेसन पूर्वी आपल्याकडच्या सर्व्हे ऑफ इंडियात होते, काराकोरमची मोजणी केलेला माणूस. पुढे १९४२ मध्ये ब्रिटिश जनतेला आवाहन करण्यात आलं की युरोपातल्या सहलींचे तुमच्याकडचे फोटो पाठवा. समुद्रकिनाऱ्यावर आजी-नातवंडांचा फोटो असेल, तर मागच्या वाळूचा उतार, बंधाऱ्याची उंची, पायऱ्या किती, हे त्यावरून मोजता येतं. घराघरांतल्या अल्बममधून शत्रूचा किनारा उलगडत गेला.

दुसरं काम म्हणजे माहितीला दर्जा देणं. बातमी आणणारा किती भरवशाचा हे एका अक्षराने सांगायचं आणि बातमी स्वतः कितपत खरी वाटते हे एका आकड्याने. 'अ' दर्जाच्या माणसाने आणलेली बातमीही चुकीची असू शकते आणि भुरट्याने आणलेली खरी, म्हणून दोन्ही वेगळं तोलायचं. ही पद्धत थोड्याफार फरकाने आजही जगभरच्या गुप्तवार्ता खात्यांत वापरली जाते.

मृतदेहाच्या खिशात खोटी कागदपत्रं ठेवण्याची कल्पना त्यांचीच का?

२९ सप्टेंबर १९३९ ला गॉडफ्रींच्या सहीने एक टिपण निघालं. शत्रूला फसवणं हे ट्राउट मासा गळाला लावण्यासारखं आहे, मासेमार दिवसभर चिकाटीने जागा बदलतो, आमिष बदलतो, असं त्यात सुरुवातीला म्हटलंय. कोकणात गरी टाकून बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पुढे युक्त्यांची यादी. त्यातली २८ वी युक्ती, 'फारशी बरी नाही' अशा शेऱ्यासह, मृतदेहावर खोटे कागद ठेवून तो शत्रूच्या हाती लागेल असं करण्याची होती. मूळ एका जुन्या रहस्यकथेतलं, आणि यादीच्या लिखाणात फ्लेमिंगचा हात असावा असं अभ्यासक मानतात.

एप्रिल १९४३ अखेरीस ही युक्ती खरोखर वापरली गेली. स्पेनच्या उएल्वा बंदराजवळ 'मेजर मार्टिन' या बनावट नावाचा मृतदेह पाणबुडीतून सोडला. हल्ला सिसिलीवर नसून ग्रीस आणि सार्डिनियावर होणार, असा जर्मनांचा समज झाला. तोवर गॉडफ्री लंडनमध्ये नव्हते. त्यांची रवानगी हिंदुस्थानात झाली होती.

एवढं चांगलं काम असताना त्यांना हटवलं का?

मला वाटतं या माणसाच्या आयुष्यातला कळीचा प्रश्न हा आहे.

युद्धाच्या सुरुवातीला जर्मनीकडे ५७ पाणबुड्या होत्या. चर्चिल तेव्हा आरमारमंत्री. जानेवारी १९४० मध्ये त्यांनी रेडिओवरून सांगितलं की युद्धारंभी असलेल्यांपैकी निम्म्या पाणबुड्या बहुधा बुडाल्या. पाणबुडीविरोधी विभागाचे प्रमुख कॅप्टन टॅलबट यांचा हिशेब वेगळा होता: १९३९ अखेर खात्रीने बुडालेल्या फक्त नऊ. गुप्तवार्ता विभागाचा आकडाही तसाच कमी. युद्धानंतर जर्मन कागदपत्रं हाती आली तेव्हा नऊ हाच आकडा बरोबर ठरला. पण टॅलबटना १९४० मध्येच त्या खुर्चीवरून हलवलं गेलं.

गॉडफ्री राहिले, मात्र त्यांनीही आकडे फुगवून दिले नाहीत. वरिष्ठांना ऐकायला आवडेल तेच सांगणं म्हणजे गुप्तवार्तेचा खून, ही त्यांची भूमिका होती. त्यात भर स्वभावाची. तिन्ही दलांच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीत त्यांचे इतर सदस्यांशी खटके उडत. सप्टेंबर १९४२ मध्ये त्यांना व्हाइस अ‍ॅडमिरलपदी बढती मिळाली आणि त्याच सुमारास आरमारप्रमुख डडली पाउंड यांनी कळवलं की तुमच्या जागी दुसरा अधिकारी नेमतो आहोत.

म्हणजे हिंदुस्थानातली नेमणूक ही शिक्षा होती?

लंडनच्या नजरेतून ती अडगळीतली जागा होती, हे खरं. पण इथून पाहिलं तर ते पद लहान नव्हतं. १९३९ मध्ये हिंदी आरमारात जेमतेम आठ नौका आणि दोन हजारांच्या आत माणसं होती. युद्धाच्या अखेरीस संख्या तीस हजारांच्या घरात गेली. आधी भरती मुख्यत्वे रत्नागिरी जिल्ह्यातल्या, विशेषतः कोकणी मुसलमान दर्यावर्दींची व्हायची. बापाच्या मागे मुलगा, अशी ती वहिवाट. युद्धात पंजाबपासून बंगाल-मद्रासपर्यंतची शिकलेली पोरं आली. कुणी मॅट्रिक, कुणी कॉलेज सोडून आलेला. जाहिरातींत बढती, तांत्रिक शिक्षण, युद्धानंतर चांगली नोकरी अशी आश्वासनं होती. जहाजावर पाऊल ठेवल्यावर मिळालं ते वेगळंच.

तक्रारी खरोखर काय होत्या?

जेवण हे सगळ्यांत आधी. खडे असलेला भात आणि पाण्यासारखी डाळ यांच्या कहाण्या त्या काळच्या नाविकांनी पुन्हा पुन्हा सांगितल्या आहेत. पगार आणि राहणीत गोऱ्या नाविकाशी जमीन-अस्मानाचा फरक. वरून शिवीगाळ. युद्ध संपलं तसं घरी पाठवण्याची घाई, पण पुढच्या पोटापाण्याचं काय ते सांगायला कुणी नाही. आणि या सगळ्यावर आझाद हिंद सेनेच्या खटल्याची हवा. पोटाची तक्रार आणि देशाची तक्रार एकाच पंगतीत बसली होती. नुसत्या 'खाण्याच्या भांडणावरून' बंड झालं म्हणणारे यातला निम्मा भाग गाळतात.

गुप्तवार्तेत मुरलेल्या माणसाला हे येताना दिसलं नाही?

हा प्रश्न मलाही कित्येक दिवस छळत होता. खुणा तर भिंतीवर लिहिलेल्या होत्या, शब्दशः. कुलाब्यातलं 'तलवार' हे बिनतारी संदेशांचं प्रशिक्षण केंद्र. १ डिसेंबर १९४५ ला आरमार दिनासाठी ते शहरातल्या पाहुण्यांना दाखवायचं होतं. सकाळी पाहतात तो भिंतींवर 'चले जाव' आणि उठावाच्या घोषणा, पताका जळालेल्या, डोलकाठीवर झाडू आणि बादल्या लटकवलेल्या. २ फेब्रुवारी १९४६ ला सरसेनापती ऑकिनलेक भेटीला येणार होते, तेव्हा पुन्हा घोषणा. या वेळी बलाई चंद दत्त हा तारायंत्र नाविक पकडला गेला, हाताला लागलेल्या डिंकामुळे. तरी केंद्राचे प्रमुख कमांडर किंग यांचं तोंड आवरलं गेलं नाही. त्यांनी नाविकांना घाणेरड्या शिव्या दिल्या, त्याविरुद्ध लेखी तक्रारी झाल्या, आणि त्या फायलीत पडून राहिल्या.

गॉडफ्रींचं मुख्यालय दिल्लीत होतं. मुंबईतला नाविक आणि दिल्लीतला अ‍ॅडमिरल यांच्यामध्ये जे अधिकारी होते, ते वर काय पाठवत होते? नऊ पाणबुड्यांना तीस म्हणणारी माणसं लंडनमध्ये होती, तशीच 'सगळं आलबेल आहे' म्हणणारी इथेही होती. लंडनमध्ये गॉडफ्री अशा बातमीला आकडा लावून खाली ढकलत. आपल्याच नाविकांबद्दलच्या बातमीला मात्र ती पारख लागली नाही. त्यांचं अपयश मला या ठिकाणी दिसतं, रेडिओवरच्या भाषणात नंतर.

१८ फेब्रुवारीपासून गॉडफ्रींनी काय केलं?

त्या सकाळी 'तलवार'वरच्या नाविकांनी न्याहारी नाकारली आणि कामावर जायला नकार दिला. केंद्र बिनतारीचं होतं, शिकलेले हात तिथेच होते. बातमी आरमाराच्याच यंत्रावरून जहाजाजहाजाला गेली. पाहता पाहता मुंबई बंदरातल्या नौका, मग कराची, मद्रास, कलकत्ता, विशाखापट्टण. एकूण ७८ नौका, २० किनारी ठाणी आणि सुमारे २० हजार नाविक असा आकडा सर्वसाधारणपणे दिला जातो. १९ ला मध्यवर्ती संप समिती झाली: एम. एस. खान अध्यक्ष, मदन सिंग उपाध्यक्ष. डोलकाठ्यांवर काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि लाल, असे तिन्ही झेंडे एकत्र चढले.

गॉडफ्री विमानाने मुंबईत आले. किंग यांना बदलण्यात आलं, पण पाणी डोक्यावरून गेलं होतं. २१ ला फोर्टमधल्या कॅसल बॅरॅक्सला वेढा पडला आणि गोळीबार सुरू झाला. त्याच दुपारी गॉडफ्री ऑल इंडिया रेडिओवर बोलले. सरकारच्या हाती प्रचंड बळ आहे, ते शेवटपर्यंत वापरलं जाईल, मग ज्या आरमाराचा आपल्याला अभिमान आहे ते नष्ट झालं तरीही, असा त्या बोलण्याचा आशय होता.

धमकीचा परिणाम काय झाला?

मुंबई खवळली. अपोलो बंदरावर लोक टोपल्या घेऊन आले: पाव, फळं, दूध. इराण्यांच्या हॉटेलांतून खाणं गेलं. जहाजांवरच्या पोरांनी होड्या धक्क्याला लावल्या आणि टोपल्या भरून नेल्या. पहाऱ्यावर बंदूकधारी हिंदी शिपाई उभे होते, त्यांच्यादेखत. २२ तारखेला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवर गिरण्या, रेल्वेची वर्कशॉप्स, दुकानं, शाळा, सगळं बंद झालं. लालबाग-परळ-डिलाईल रोड भागात लष्कराच्या गाड्या गोळ्या झाडत फिरल्या. परळला कमल दोंदे ही कार्यकर्ती गोळी लागून गेली. तिच्यासोबतच्या कुसुम रणदिवेंच्या पायात गोळी घुसली. शहरात त्या दोन-तीन दिवसांत दोनशेहून अधिक माणसं मेली. बहुतेक जण नाविक नव्हते, रस्त्यावरची साधी माणसं होती.

बंडखोरांवर मराठा पलटणीने गोळ्या झाडायला नकार दिला, हे खरं का?

कॅसल बॅरॅक्सवर मराठा लाइट इन्फंट्रीचा पहारा होता, नंतर ब्रिटिश सैनिक आणले गेले, एवढं नक्की. सरळ नकार की नेम चुकवून झाडलेल्या गोळ्या की हुकमानुसार गोळीबार, याबद्दल सांगणाऱ्यांच्या हकिकती जुळत नाहीत. आपल्या माणसांनी आपल्यांवर बंदूक उचलली नाही ही गोष्ट ऐकायला छान वाटते, म्हणूनच ती जपून सांगावी.

बंड संपलं कसं?

वल्लभभाई पटेलांनी शरण जाण्याचा सल्ला दिला आणि कुणावर सूड उगवला जाऊ नये यासाठी काँग्रेस प्रयत्न करील, असा निरोप दिला. लीगचा सूरही तोच. २३ फेब्रुवारीच्या सकाळी नौकांवर काळी निशाणं चढली. आपण ब्रिटिशांना नाही, आपल्या देशाला शरण जातो आहोत, असं संप समितीने जाहीर केलं. सूड उगवला गेलाच. शेकडो नाविक अटकेत गेले, नोकरीतून काढले गेले आणि स्वातंत्र्यानंतर दोन्हीपैकी एकाही देशाच्या आरमाराने त्यांना परत घेतलं नाही.

गॉडफ्रींची चौकशी झाली का?

न्यायमूर्ती सर सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले मेहरचंद महाजन त्यात होते. आयोगाने नाविकांच्या तक्रारींत तथ्य आहे हे मान्य केलं आणि अधिकाऱ्यांच्या वागणुकीवर बोट ठेवलं. तोवर गॉडफ्री मार्चमध्येच पदावरून गेले होते आणि जेफ्री माइल्स त्यांच्या जागी आले होते.

त्यांना 'सर' का मिळालं नाही?

एवढ्या हुद्द्यावर पोचलेल्या युद्धकाळातल्या अधिकाऱ्याला सरदारकी मिळणं जवळपास ठरलेलं असे. त्यांना मिळाली नाही. कारण कागदावर कुणी लिहिलेलं नाही. चर्चिलची नाराजी की मुंबईचा डाग, यावर वाद आहेत. माझा कौल पहिल्याकडे झुकतो, कारण त्यांची पडझड मुंबईच्या आधी साडेतीन वर्षं सुरू झाली होती.

नंतरचं आयुष्य?

निवृत्तीनंतर ते लंडनच्या चेल्सी भागातल्या इस्पितळांच्या व्यवस्थापन समितीचे बरीच वर्षं अध्यक्ष होते. साठच्या दशकात त्यांनी आपल्या आठवणींचे खंड खासगीरीत्या छापून घेतले. पत्नी मार्गारेट यांनीही युद्धकाळात गुप्तवार्तेचं काम केलं होतं. सत्तरच्या दशकाच्या तोंडाशी गॉडफ्री वारले.

या प्रकरणाच्या खुणा मुंबईत आज कुठे दिसतात?

फोर्टमधलं कॅसल बॅरॅक्स अजून आहे, आरमाराच्याच ताब्यात. १९५१ पासून त्याचं नाव 'आय. एन. एस. आंग्रे'. आत सर्वसामान्यांना जाता येत नाही, पण टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून खाली उतरून त्या बाजूला चाललात की भिंत लागते. कुलाब्याकडे नाविकांच्या उठावाचं स्मारक आहे. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीच्या संचलनात आरमाराच्या चित्ररथावर हाच उठाव दाखवला होता. कमल दोंदेंची गोष्ट विचारायची तर परळमध्येच विचारावी लागते, आणि आता ती सांगणारी म्हातारी माणसं फार थोडी उरली आहेत.